समोरच्या सोळाव्या मजल्यावर

सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

ही वही बाबांची. फेब्रुवारीपर्यंत त्यांनी लिहिली, पुढची पाने कोरी राहिली, आणि आज त्यांना न विचारता मी तीत लिहायला बसले आहे. मला तसा अधिकार नाही. लिहून ठेवावे असे माझ्या आयुष्यात काही घडतही नाही. ज्यांची वही आहे त्यांनी क्षमा करावी. पुढे चुकून कुणी वाचलीच, तर त्यानेही.

आज मात्र घडले.

स. ७.१०. बाबा गॅलरीत खुर्चीवर, हातात चहा. म्हणाले, "आलाय." हे ते सप्टेंबरपासून म्हणत आहेत. आम्ही 'हो का' म्हणतो आणि आपापल्या कामाला लागतो. आज मी तिथेच कपडे वाळत घालत होते, म्हणून सहज मान वर केली. समोरच्या अर्धवट टॉवरवर, सोळाव्या मजल्याच्या अगदी कडेला, एक पक्षी उभा होता. आम्ही सतराव्यावर, म्हणजे नजरेच्या जरा खाली. तीन सेकंद. फार तर चार. मग तो नव्हता.

धावत आत येऊन पुस्तक उघडले. वाचनालयातून आणलेले, रंगीत चित्रांचे. सप्टेंबरपासून बाबांच्या उशाशी आहे. एक्केचाळिसाव्या पानावर तो सापडला. नंतर गिरगावला वाचनालयात कामावर. आता सायंकाळी सावकाश लिहिते आहे.

वर्णन: मोठा. डोके व छाती शुभ्र, बाकी अंग विटकरी. चोच आखूड, बाकदार. पिवळ्या पायांनी फांदी घट्ट धरलेली. नजर थेट माझ्याकडे.

हे नोंदवण्याचे कारण. डॉक्टरांनी सांगितले होते की बाबांच्या या मेंदूच्या आजारात माणसाला नसलेली माणसे, जनावरे, पक्षी दिसू लागतात. ऑक्टोबरात गोळ्या दिल्या. तीन आठवडे बाबा दिवसभर झोपले. तोंडातून लाळ यायची, पेन्सिल हातात राहत नव्हती, आणि मला ते त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारायचे. चाळीस वर्षे महापालिकेच्या शाळेत ज्यांनी चित्रकला शिकवली, त्यांना पेन्सिल धरता येईना. गोळ्या थांबवल्यावर माणूस परत आला, पक्षीही परत आला. दहा डिसेंबरला पुन्हा दाखवायचे आहे. तोवर पक्षी दिसत राहिला तर त्याच गोळ्या, कायमच्या.

आणि आज तो मला दिसला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

जेवताना सांगितले. पुस्तकातले नावही सांगितले, ब्राह्मणी घार. दादा हसत सुटला. "घारींतपण? आणि नेमकी आपल्याच घरासमोर येऊन बसली?" बाबाही हसले. किती दिवसांनी.

मग बाबा म्हणाले, "ती नाही. ती मी ओळखतो. माझगावच्या धक्क्यावर ढिगाने पाहिल्यात. हा वेगळा."

आई पोळी वाढता वाढता: "बापाला एक दिसतो, लेकीला दुसरा. थांबा, मी तिसरा शोधते."

नंतर दादाने मला स्वयंपाकघरात गाठले. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. घरातले कागद, डॉक्टर, बँक, सगळे तोच पाहतो. हळू आवाजात म्हणाला की मी बाबांना बरे वाटावे म्हणून बोलते आहे हे त्याला कळते, पण दहा तारखेला डॉक्टरांसमोर हा विषय काढू नये. "ते तुला नाही, त्यांना गोळ्या देणार आहेत."

मी म्हणाले, मी खरेच पाहिले. माझा आवाज मलाच पटण्यासारखा वाटला नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

तीन दिवस स. ६.४५ ते ७.४५ गॅलरीत बसते आहे. काही नाही. बाबांनाही नाही.

पण एक गोष्ट. समोरच्या टॉवरचे काम चार वर्षे बंद आहे. नुसते स्लॅब आणि खांब, भिंती नाहीत. घारी, कावळे, कबुतरे यांचेच ते घर. प्रत्येक मजल्याच्या कडेवरून त्यांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ उतरले आहेत. पहिल्या मजल्यापासून मोजत गेले. चौदा, पंधरा: ओघळ. सतरा, अठरा: ओघळ. सोळावा स्वच्छ. डावीकडून उजवीकडे, पूर्ण स्वच्छ.

दोनदा मोजले. बाबांना विचारले, हे तुम्हाला दिसले होते का. म्हणाले, "तिथं कोण बसेल?"

शनिवार, २२ नोव्हेंबर

आज नीट लक्ष ठेवले. एक घार खालून गिरक्या घेत वर येत होती. पंधराव्यापर्यंत इमारतीलगत आली, मग बाहेर वळली, लांबून वर गेली आणि अठराव्याला पुन्हा जवळ आली. पुढची घारही तशीच. जणू तिथे काहीतरी पुढे आलेले आहे आणि त्याला वळसा घालायला हवा.

चहा प्यायले नाही. नकोसा झाला.

रविवार, २३ नोव्हेंबर

ऑल्विन अंकलकडे गेले. ते आमच्या वाचनालयाचे सभासद. खोताच्या वाडीत राहतात. गोदीतली नोकरी सांभाळून चाळीस वर्षे त्यांनी पक्षी पाहिले असे ग्रंथपाल सांगतात. 'पुस्तक सोमवारी परत करा' याखेरीज मी त्यांच्याशी चार वर्षांत बोललेले नाही. वाडीत शिरून दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा त्यांनीच वरच्या लाकडी सज्ज्यातून हाक मारली, "काय गं बाय, रस्ता मोजतेस काय?"

त्यांनी डोळे मिटून ऐकून घेतले. मी वर्णन पाठ म्हटल्यासारखे म्हटले.

"पायांनी काय धरलेलं?"

"फांदी."

"कसली?"

"जाड. साल निघालेली. डाव्या बाजूला एकच पान..." आणि मी थांबले.

त्यांनी डोळे उघडले. हसले नाहीत. "सोळाव्या माळ्यावर. सिमेंटच्या स्लॅबवर. साल निघालेली फांदी."

मी नुसती मान हलवली.

"लिहिलंस आधी, की पुस्तक उघडलंस आधी?"

पुस्तक, मी म्हणाले.

मग त्यांनी नियम सांगितला. पाहिले की तिथेच, उभ्या उभ्या लिहायचे. पुस्तक नंतर. "पुस्तक म्हणजे कोर्ट. आधी जबानी, मग कोर्ट. कोर्टात जाऊन जबानी लिहिली तर जज बोलेल तेच लिहिशील ना?" आणि दोघांनी पाहिले असेल तर दोघांनी वेगवेगळे लिहायचे, तोवर एकमेकांशी अवाक्षर नाही. ते आणि त्यांचा मित्र परतीच्या बसमध्ये तोंड उघडत नसत म्हणे. लोकांना वाटे, यांचे भांडण झाले आहे.

घरी येऊन पान ४१ पाहिले. फांदी, साल, डावीकडचे एक पान. तंतोतंत.

सोमवार, २४ नोव्हेंबर

दहावीच्या परीक्षेत मला पाने दिसत. इतिहासाचे उत्तर लिहिताना त्या पानावरचा तेलाचा डागसुद्धा दिसे. बोर्डात आले, शाळेत फळ्यावर नाव लागले, बाबांनी वर्गावर्गात पेढे वाटले. सगळे त्याच बळावर. मी समजत होते की मला लक्षात राहते. आज कळले, मला फक्त वाचलेले लक्षात राहते.

एक प्रयोग केला. करायला नको होता. डोळे मिटून सतरा तारखेची सकाळ आणली. पक्षी उभा, शुभ्र डोके. मग पुस्तक उघडून गव्हाणी घुबडाचे चित्र दोन मिनिटे पाहिले. पुन्हा डोळे मिटले. तोच स्लॅब, तीच सकाळ, दोरीवर दादाचा ओला शर्ट, आणि तिथे पक्ष्याला घुबडाचे तोंड. बदामाच्या आकाराचे, सपाट, काळे डोळे. ते माझ्याकडे पाहत होते. मग पान उलटून बगळा पाहिला. डोळे मिटायचे धैर्य झाले नाही.

पुस्तक बाबांच्या उशाजवळून उचलले. उद्या परत करणार.

आता गाळणी. जे जे चित्रात आहे ते खोडायचे. डोके गेले. छाती, रंग, चोच, पाय गेले. नजरही गेली, कारण चित्रातला पक्षीही वाचणाऱ्याकडेच पाहतो आहे. उरले ते असे:

मोठा होता. ताठ उभा होता. खाली गल्लीत कुणाच्या तरी वरातीचा फटाका फुटला, कबुतरे उठली, तो हलला नाही. आणि तो उडाला नाही. मागच्या मागे पावले टाकत खांबांमधल्या अंधारात गेला. माणूस दारातून मागे सरकतो तसा.

हे शेवटचे मी पहिल्या दिवशी लिहिलेच नव्हते. पुस्तकात तसे काही नव्हते म्हणून.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

अंकलच्या नियमाने. बाबांना काही न सांगता कागद-पेन्सिल दिली. म्हटले, तुम्हाला दिसतो तो काढा. हात थरथरत होता, रेघ नव्हती थरथरत. आधी दोन खांब काढले, मग पक्षी. पाठमोरा. लांबट, खांदे उतरते, मान नाहीच म्हणावी इतकी आखूड.

तोंड का नाही, विचारले.

"दाखवलंच नाही त्याने कधी."

मला मात्र तोंड आठवते. पण ते माझे नव्हे, पुस्तकाचे, हे आता ठाऊक आहे. 

उंची त्यांनी खांबावरून काढली. हात लांब करून पेन्सिलीवर अंगठ्याने माप घ्यायचे, ही त्यांची वर्गातली रीत. खांबाच्या रुंदीच्या दीडपट. खांब दोन फुटांचा धरला तर पक्षी तीन फूट. एवढा मोठा, पाठमोरा, परळमध्ये.

"पंख?"

"उघडलेले पाहिले नाहीत. तो उडत नाही, बाळ. मागे मागे जातो. आत."

मी एक शब्दही सांगितला नव्हता. न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पुष्कळ वेळ रडले. आनंदाने. बाबांचा डोळा शाबूत आहे.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सकाळी बाबा कठड्यावरून वाकले. कंबरेपर्यंत बाहेर. आईने मागून सदरा धरला नसता तर. ते म्हणाले, त्याला हाक मारत होतो, वळतो का पाहत होतो.

दादाने दुपारीच गॅलरीला कुलूप लावले. किल्ली आईकडे, तिने शेजारी उभे राहून उघडायचे, मगच बाबांनी बसायचे.

आई ओट्यापाशी, माझ्याकडे पाठ करून: "तुला तुझे बाबा हुशार पाहिजेत. मला जिवंत पाहिजेत. झोपले तर झोपले. निदान श्वास ऐकू येतो."



रविवार, ३० नोव्हेंबर

दोन साक्षी जुळल्या, असे दादाला सांगितले. चित्र दाखवले, गाळणीचे पान दाखवले. त्याने दोन्ही नीट पाहिले, हे मान्य केले पाहिजे. पुस्तकात नसलेली गोष्ट दोघांनी वेगवेगळी सांगितली, मी म्हणाले.

तेवढ्यात आई म्हणाली, "वेगवेगळी कुठली? त्या दिवशी तूच नाही का धावत आलीस, 'आत गेला, आत गेला' करत? बाबा मागेच होते तुझ्या. हातात बादली होती तुझ्या, सगळं पाणी लादीवर."

मी आणि ओरडत? मला वर्गात 'हजर' म्हणायलाही दोनदा प्रयत्न करावा लागे. पण आई खोटे बोलत नाही. लादीवरचे पाणी मला आठवते. ते मीच पुसले.

बाबांकडे पाहिले. ते टेबलावर बोटाने रेघा ओढत होते. म्हणाले, "आता मलाही सांगता येत नाही."

दादा चिडला असता तर बरे झाले असते. त्याने चित्र परत माझ्या हातात ठेवले आणि म्हणाला, "छान काढलंय पण."

मंगळवार, २ डिसेंबर

अंकलना सगळे सांगितले. म्हणाले, दादरला अनुराधाताई आहेत. शहरात दिसलेल्या नवख्या पक्ष्यांची नोंदवही वर्षानुवर्षे त्याच ठेवतात. कडक बाई. त्यांनी 'विचाराधीन' असा नुसता शेरा दिला तरी त्याला वजन आहे. आठवले की ऑक्टोबरात डॉक्टरही म्हणाले होते, घरच्यांखेरीज कुणी जाणकाराने दुजोरा दिला तर जरूर आणा, मी वाचेन. दहा तारखेला हातात काही कागद हवा असेल तर तो हाच.

फोन केला. आधी काय बोलायचे ते कागदावर लिहून घेतले होते. दुसऱ्याच वाक्याला त्यांनी तोडले. त्यांना कहाणी नको, मूळ टिपणे हवीत. ज्या वहीत लिहिले त्याच पानांचे फोटो, वेळांसकट, खाडाखोडीसकट. "नक्कल करून सुवाच्य पाठवलंत तर मी उघडणारही नाही. आणि पुस्तक आधी पाहिलं असेल तर तेही लिहा. सगळे पाहतात. कबूल कोणी करत नाही."

गुरुवार, ४ डिसेंबर

कामावर जाताना टॉवरच्या फाटकाशी थांबले. चौकीदाराला विचारायला धीर गोळा करावा लागला. वर कुणी जाते का. "कौन जाएगा? लिफ्ट नहीं, जीना भी बारह के ऊपर बना नहीं।" म्हणजे सोळाव्यावर पायांनी पोचताच येत नाही.

आणि रात्रपाळीला कधी काही दिसते का? त्याने तंबाखू मळायची थांबवली. म्हणाला की पूर्वी तो कुत्र्याला घेऊन आतल्या बाजूला बसायचा. आता दोघे फाटकाशी बसतात. 

शनिवार, ६ डिसेंबर

परवापासून गावाकडची अकरा माणसे घरी. दरवर्षीप्रमाणे. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, आईचा भात तिसऱ्यांदा चढतो आहे, पांढऱ्या साड्यांच्या घड्या सगळीकडे. उजाडल्यावर सगळे चैत्यभूमीला रांगेत. बाबांना यंदा नेता आले नाही. ते खुर्चीतूनच हात जोडून बसले. परतल्यावर मामी त्यांच्या पायांशी बसून रांगेतल्या गमती सांगत राहिली.

वहीत आज दुसरे काही नाही असे लिहिणार होते.

तर भास्करमामा, आईचा भाऊ. आत जागा नाही म्हणून आईने कुलूप काढून गॅलरीत अंथरूण दिले ते त्यालाच. काल गावाहून आला, पक्ष्याचे त्याला कुणी बोललेले नाही. दादाची सक्त ताकीद होती. जेवायला बसताना त्याने विचारले, "समोर राहतं का गं कोणी, वर?"

नाही, मी म्हणाले. का?

"सकाळी तोंड धुताना दिसलं. उभं होतं कोणीतरी कडेला. पाठमोरं. लेकराएवढं."

दादाने घास हातातच धरला. आई उठून भात पाहायला गेली. बाबा मामाकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे, आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवले. नियम त्यांना मी सांगितला होता.

रविवार, ७ डिसेंबर

मंडळी सकाळीच निघाली. मी विचारायच्या आत मामाचा टेम्पो गेला. दुपारी फोन लावला, म्हटले, लिहून पाठवाल का, काय दिसले ते. तो हसला. "अगं, चष्मा नव्हता मला. पोतं असेल कसलं. तू काय एवढं धरून बसलीस?"

दादाचे म्हणणे: पोते. किंवा मजूर. मी म्हणाले, वर जाता येत नाही. तो म्हणाला, "मग पोतं वर कसं गेलं म्हणतेस?" आणि आपलेच वाक्य ऐकून उठून गॅलरीपाशी गेला.

कुलूप दोनदा ओढून पाहिले त्याने. किल्ली आईच्याच कमरेला.

सोमवार, ८ डिसेंबर

आज एक वाईट गोष्ट केली, ती लिहिते.

वाचनालयात दुपारी कुणी नसते. नवी वही घेऊन सर्व नोंदी पुन्हा लिहिल्या. तारखा त्याच. पहिल्या दिवशी पुस्तक नाही. फांदी नाही. 'मोठा, ताठ, पाठमोरा, मागे जात आत' हे सतरा तारखेलाच. बाबांचे चित्र सत्तावीसला, आईचे बोलणे कुठेच नाही, मामाचा चष्मा नाकावर. खाडाखोड हवी म्हणून दोन शब्द मुद्दाम खोडले. अक्षर घाईचे केले.

वाचून पाहिली. प्रत उत्तम झाली होती. अनुराधाताईंनी शेरा दिला असता; डॉक्टरांनी एकदा तरी थांबून विचार केला असता. परीक्षेत पूर्ण गुण पडावेत अशी. आणि वाचता वाचता मला सतरा तारखेची सकाळ त्या प्रतीप्रमाणेच दिसायला लागली, पाठमोरा पक्षी आणि सगळे, इतकी स्वच्छ की मी खरोखर काय पाहिले होते ते शोधायला गेले तर तिथे काहीच नव्हते.

पाने फाडली. तुकडे वाचनालयाच्या टोपलीत टाकणार होते, पण कुणी वाचेल म्हणून पर्समध्ये घातले.

घरी येऊन बाबांना सांगितले: तुमच्या वहीत लिहिते आहे, तीन आठवडे. म्हणाले, "माहिती आहे. पेन दाबून लिहितेस, मागच्या पानावर उठतं." रागावले नाहीत. ही वही आहे तशी पाठवली तर गोळ्या बहुधा सुरू होतील, हेही सांगितले. 

मग बाबा: "मुलांनी पाहून काढलं की पुसून काढलं, मला लगेच कळायचं. पुसून काढलेलं जास्त चांगलं असायचं. मी मार्क पाहून काढलेल्याला द्यायचो."

मंगळवार, ९ डिसेंबर

स. ६.५५. उद्या ११ वा. डॉक्टर. आतापर्यंतच्या पानांचे फोटो काढून झाले, पाठवायचे बाकी. आईने कुलूप उघडून बाबांना खुर्चीत बसवले आणि उंबऱ्याशी मला राखण ठेवून ती ओट्याशी गेली. मी उंबऱ्यातच बसले आहे, पाठ गॅलरीकडे, वही मांडीवर. समोर स्वयंपाकघर.

७.०४. बाबा म्हणाले, "आलाय."

वळले नाही.

मी म्हणाले, सांगा. फक्त दिसते ते. हळू सांगा. कुकरच्या शिट्ट्या चालू आहेत, आईला ऐकू जाणे शक्य नाही.

ते सांगतात तसे उतरवते आहे. कडेपासून एक हात आत. पाठमोरा. रंग ओल्या सिमेंटचा, खाली गडद. उजवा खांदा जरा वर. थांबा म्हणाले, मापतात. खांबाच्या दीडपटीहून थोडा कमी. हलत नाही.

७.०९. "दोन आहेत."

दुसरा कुठे, विचारले. "त्याच्यामागे होता. लहान. ह्याच्या गुडघ्याएवढा. उभं राहायला शिकतोय असं वाटतं." आवाज वर्गातल्यासारखा, शांत. कठड्याकडे गेले नाहीत. खुर्चीतच आहेत, खुर्चीचा पाय माझ्या पाठीला टेकलेला आहे, हलला की कळेल.

माझी मान दुखते आहे. वळावेसे फार वाटते. वळले तर पुन्हा माझे आणि त्यांचे एक होईल.

७.१२. आई कुकर उतरवायला वळली होती. ती आता ओट्याशी उभी आहे, फडके हातात, आणि माझ्या डोक्यावरून गॅलरीच्या पलीकडे पाहते आहे. बराच वेळ. फडक्यातून कुकरचे पाणी तिच्या पायावर ठिबकते आहे, ते तिला कळलेले नाही.

तिने बोलायला तोंड उघडले. मी म्हणाले, "आई, बोलू नकोस. लिही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने फ्रिजवरचा उद्याचा डॉक्टरांचा कागद काढला, उलटा केला, आणि ओट्यावरच वाकून लिहू लागली. ती सातवीपर्यंत शिकलेली. तिला वेळ लागतो. एकदा मान वर करून पुन्हा तिकडे पाहिले, पुन्हा लिहिले.

७.१९. बाबा: "गेले. आधी लहान."

आईने कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. हात थंड होता. मी उघडलेली नाही. आदरणीय अनुराधाताई, ती घडी दोरा बांधून वहीतच ठेवली आहे. आपण किंवा डॉक्टर, जे आधी मागतील त्यांच्यासमोर आईच उघडेल. तोवर आम्ही तिघे बोलणार नाही. दादा उठतो आहे, त्याला खुणेने सांगते.

मी काही पाहिलेले नाही. हे शेवटचे पान आहे, आणि ते सर्व पानांबरोबर पाठवते आहे.

मंगळवार, ९ डिसेंबर २०२५, सकाळी ७ वाजून २६ मिनिटे.